विषाणूला इंद्रिये किती?

जो जन्मतो तो मरतो, हे सर्वमान्य आहे. परंतु विषाणू मुळात जन्मतो का, हे ठरण्याआधी त्याला मारणे घाईचे होय. सांगलीचे बेदाण्याचे व्यापारी बाहुबलीआण्णा यांनी ही भूमिका अंगात ताप असताना, कानाला मफलर गुंडाळून घेतली.

निमित्त साधे होते. गोळ्या देताना डॉक्टर म्हणाले, "यानं विषाणू मरेल." आण्णा पाणी गाळून पिणारे, मुंगीला वळसा घालणारे. त्यांनी गोळ्या उशीखाली ठेवल्या आणि कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या लेकीला, ब्राह्मीला, हाक मारली.

"व्हय गं, ह्यो जीव हाय का न्हाई?"

सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देणे विद्वानांना शोभत नाही. ब्राह्मीने तीन मते मांडली. एक, विषाणू हा पेशीतून निसटलेला जनुकांचा तुकडा. ("घरातनं पळालेला," आण्णा.) दोन, तो पूर्वी कमावती पेशी होता, दुसऱ्याच्या घरात सोय लागल्यावर त्याने एकेक काम सोडले. ("घरजावई.") तीन, तो पेशींच्याही आधीचा. ("गावाच्या आधी आमीच हुतो म्हणणारं एक घर हरेक गावात असतंय.")

"खातंय का काय?"

"नाही. वाढतही नाही. दुसऱ्याच्या पेशीत शिरून तिच्याकडून आपल्या नकला काढून घेतो. एरवी नुसता पडून असतो."

"तुमच्या धाकट्या भावावाणी," स्वयंपाकघरातून ब्राह्मीची आई, आक्काताई, म्हणाल्या. "आवं, गोळी गिळा की आधी!"

आण्णांनी जैन शास्त्राप्रमाणे, इंद्रिये मोजून वर्गवारी केली. झाड एकेंद्रिय, अळी द्वींद्रिय, मुंगी त्रींद्रिय. घरातील पंचेंद्रिय: तीन (पैकी ऐकणारे: शून्य). विषाणू: निर्णय राखून.

"तुझं मत सांग, बाळ."

"शास्त्रात मतभेद आहेत, आण्णा."

उत्तर अचूक होते. गोळी उद्यावर गेली.

विषाणूला या मतभेदांची कल्पना नसल्याने त्याने काम चालू ठेवले. पहाटे आण्णांना धाप लागली, दवाखान्यात नेले, आणि संध्याकाळी घरातील पंचेंद्रियांची संख्या दोन झाली.

समाचाराला आलेली मंडळी (म्हणजे तुम्हीआम्हीच) चहा पीत, विषाणू मुळात आला कुठून यावर अधिकाराने बोलत होती. कुणीतरी ब्राह्मीकडे वळून म्हणाले, "तुमी तर शिकलेल्या. तुमचं काय मत?"

तिने ट्रे खाली ठेवला. रिकाम्या कॉटकडे बघून ती मोठ्याने म्हणाली,

"आण्णा, त्यो जीव असूदे न्हाईतर नसूदे. मला तुमी पायजे हुता."