सोनाजीआबांची वहिवाट

सोनाजीआबा रोज सकाळी आमच्या पुढच्या दारातून आत येत, आईच्या चुलीजवळून जात आणि मागच्या दारानं बाहेर पडत. काम काही नसे. शेजारून बोळ होता, चांगला बैलगाडी जाईल एवढा. पण आबा घरातूनच जाणार. पाट्यावर चटणी वाटणारी आई नुसते पाय आवरून घेई.

"बोळातून जात जा ना बाप्पा," ती कधी वैतागून म्हणे.

"बोळ कोठी पळून राह्यला? अठली, घरातली वहिवाट मोडली त मंग?"

या वहिवाटीचं मूळ सांगतो. अकोल्याच्या जुन्या शहराबाहेर, मोर्णेच्या काठी, आबांचा मळा होता. वांगी, पालक आणि थोडी शेवंती. मळ्याची वाट वरच्या शेतातून. एका वर्षी त्या शेताच्या मालकानं काट्या टाकून ती बंद केली, आणि आबा कोर्टात गेले. मालकाचा वकील म्हणाला, हा माणूस आमच्या परवानगीनं जात होता, आणि परवानगीनं चाललेल्या वाटेवर हक्क होत नसतो. आबांनी कठडा दोन्ही हातांनी धरून विचारलं, "परवानगी मागाले मी काय त्याची पोरगी पाहाले चाल्लो होतो?" सगळं कोर्ट हसलं. वीस वर्षांची वहिवाट शाबीत झाली, वाट मोकळी झाली.

तेव्हापासून आबांना कायद्याचं सगळं सार कळलं. कोणाला विचारायचं नाही, लपायचं नाही, थांबायचं नाही; नुसतं चालत राहायचं, म्हणजे वाट आपली होते. मग ते न्हाव्याच्या दुकानातून, देवळाच्या ओट्यावरून, आमच्या स्वयंपाकघरातून वहिवाट राखत फिरू लागले. लोक हसत. मीही हसे. नागपूरला शिकून मी बी.ए., एलएल.बी. होऊन आलो होतो, आमच्या माळीपुऱ्यातला पहिलाच, आणि ते मी कोणाला विसरू देत नसे.

माझं हसू थांबलं ते गोदीमुळं.

गोदी म्हणजे आबांच्या लेकीची पोर. लेक बाळंतपणातच गेली. जावई अमरावतीला कचेरीत कारकून. तान्ही पोर त्यानं आबांच्या ओटीत टाकली आणि चार वर्षं तोंड दाखवलं नाही. आबांची बायको आधीच गेलेली. बकरीच्या दुधावर आबांनी ती वाढवली. शेवंतीच्या वाफ्यांमधून ती रांगली, तिथंच चालायला शिकली. मग जावयानं दुसरं लग्न केलं, एक दिवस टांगा घेऊन आला आणि पोर उचलून घेऊन गेला. आबा मागाहून दोनदा भेटून आले; तिसऱ्यांदा गेले, तर जावई फाटकातच म्हणाला, "तुमी येऊन जाता आन पोरगी रडत बसते. येत नोका जाऊ."

आबा तडक माझ्याकडे आले. चारचौघांत ते मला वकीलसायेब म्हणत; एरवी बाळ्या.

"बाळ्या, नातीले पाहाचा दावा लाव."

मी पुस्तकं काढली. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. बाप जिवंत आहे तोवर बापच पालक, पोर त्याची. तिला अधूनमधून डोळ्यांनी पाहायचा आज्याला हक्क आहे, असं कुठल्याही पानावर मला सापडेना. शेळी दुसऱ्याच्या पिकात शिरली तर तिच्यासाठी कोंडवाड्याचा कायदा आहे. शेजाऱ्याच्या भिंतीमुळं आपल्या खिडकीचा उजेड अडला तर दावा करता येतो. सांडपाण्याला हक्क आहे, बैलाला वाट आहे. आणि रात्र रात्र खांद्यावर घेऊन पोर निजवली, त्या म्हाताऱ्याला काही नाही! एवढी जाड पुस्तकं लिहिणाऱ्यांना एक ओळ सुचली नाही? मला माझ्या पदवीची पहिल्यांदाच चीड आली.

आबांना हे सांगितलं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बैलाले वाट हाये?"

"आहे."

"आज्याले नाई?"

"नाही, आबा."

"कोनं लिवला रे हा कायदा? त्याले आजा नोता का?"

त्यांनी टोपी पुन्हा घातली. "मंग मी वहिवाट पाडतो."

आणि खरंच, दर आठवड्याला एक फेरी सुरू झाली. अकोल्याहून गाडी, बडनेऱ्याला बदल, मग अमरावती. फाटकाबाहेर उभं राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं खाकरायचं, शेवंतीची वेणी फाटकाला अडकवायची आणि परत. आत येऊ का, असं विचारायचं नाही. विचारलं की परवानगी झाली.

"आबा, वीस वर्षं लागतात," मी म्हणालो. "तोवर गोदीला लेकरं होतील."

"त मंग त्याईले पाह्यन!"

एकदा मी सोबत गेलो. जावयाला चार शब्द सुनवायचे म्हणून काळा कोटसुद्धा चढवला होता. तो कचेरीत गेलेला. आबा खाकरले, तशी त्याची नवी बायको बाहेर आली. पोरच ती, विशीचीसुद्धा नसेल.

"काहून दर खेपेले बाहीर उभे राह्यता, आबा? आत या ना. ते नाईत घरी."

आबा ताठ झाले. "नाई."

मला राग आला. या दिवसासाठी तर म्हातारा इतके हेलपाटे घालत होता! "आबा, जा ना!"

त्यांनी मला बाजूला ओढलं. "परवानगीनं गेलो त हक्क बुडते. कोर्टात आयकलं हाये म्या."

"तसला हक्क इथं नाहीच हो, आबा. वाटेचा कायदा माणसाला लागत नाही."

"मले ठाव हाये," ते हळूच म्हणाले. "तू पुस्तक मिटलं तवाच समजलं. पन हक्काचा म्हनून आलो त फाटकापाशी उभं राहता येते रे. नाईत नुसतं रडू येते, बाळ्या."

मी काळा कोट काढून हातावर घेतला.

तेवढ्यात गोदी धावत आली. डोक्यात मागच्या खेपेची सुकलेली वेणी. तिनं आबांचं बोट धरलं. "आबा, चाला ना! मांगं वाफा केला म्या. शेवंतीचा!"

आबांचं बोट ताणलं गेलं, पाय मात्र हलेनात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वकीलसायेब, पोरगी बोलावून राह्यली. नाबालिग हाये. नाबालिगाची परवानगी कोर्ट धरते का?"

"नाही, आबा. अजिबात धरत नाही."

इतका ठाम सल्ला मी आजवर कोणत्याही पक्षकाराला दिलेला नाही.

आबा वाकून त्या बोटामागं गेले. ती नवी आई आधीच आत जाऊन चुलीजवळ बसली होती; तिनं पाय आवरून घेतले. मागच्या अंगणात हातभर माती उकरून पोरीनं वेण्यांतली सुकी फुलं ओळीनं खोचून ठेवली होती. यातलं एकही उगवणार नाही, हे आबांइतकं कोणाला कळणार? पण ते उकिडवे बसले आणि बोटानं मातीत रेघ ओढून पाण्याला दांड काढून दिला. "रोज थोडं पानी देत जाय, माय."

बराच वेळ गेला. मग ती बाई दारात येऊन चुळबुळत म्हणाली, "ते घरी याची वेळ झाली. मांगच्या दारानं जाता का, आबा?"

माझं रक्त उसळलं. पोर वाढवली यांनी, आणि निघायचं चोरासारखं! मी तोंड उघडणार तोच आबांनी माझं कोपर घट्ट दाबलं.

मागच्या बोळात आल्यावर ते म्हणाले, "पाह्यलं? पुढून मांगपर्यंत वाट पडली."

ते हसले. गाडीत मात्र उजवा हात मांडीवर उताणा ठेवून बसले होते. त्या वाफ्याची माती त्यांनी अकोला येईपर्यंत झटकली नाही.