रामवाडीचा ठसका

हैबतरावांचं स्वतःबद्दलचं मत असं, की रायगड जिल्ह्यात डोकी पुष्कळ जन्मली, पण खरं नाक एकच जन्मलं आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर आहे. या नाकाला गुन्हा दुरूनच कळतो. रोह्याच्या एका कंपनीच्या फाटकावर हेल्मेटं वाटण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. रिटायर होताच त्यांनी घरावर पाटी ठोकली : 'हैबतराव, खासगी गुप्तहेर. चोऱ्या, घातक धूळ व जुनी बांधकामं.' चोरी एकही आली नाही. धूळ मात्र पाटीवर न चुकता यायची, आणि ती पुसायचं काम सहायकाकडे होतं. सहायक म्हणजे त्यांचा मेहुणा पुंडलिक. त्याची निवड गुणांवर झाली होती. गुण असा, की स्कूटर त्याची होती.

वैशाखात पहिली खरी केस आली, तीही घरातलीच. पुंडलिकची बहीण हौसा पेणला रामवाडीत राहायची. घरावरचे जुने सिमेंटचे पत्रे पावसाआधी उतरवून तिला नवं छप्पर घालायचं होतं, कारण तिची सरू पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. पण काम सुरू होतं न होतं तोच मिस्त्री आणि गडी खोकायला लागले, शिंकायला लागले, डोळे चोळत शिडीवरून खाली आले. बातमी रोह्याला सरूच्या सासूपर्यंत पोचली. "हैबतराव म्हणाले घर बरं आहे, तर पाठवीन. नाहीतर बाळंतपण इथंच," विहीणबाईंनी सांगून टाकलं. उभ्या रोह्यात ती पाटी मनापासून वाचणारी तेवढी एकच बाई होती.

हौसाच्या तोंडचं पाणी पळालं. लेकीचं पहिलं बाळंतपण आपल्या हातून व्हावं, एवढंच तर तिचं मागणं होतं.

पहिल्या फेरीत हैबतराव पिवळं हेल्मेट घालून एकटेच शिडी चढले आणि खिशात काहीतरी घालून उतरले. दुसऱ्या फेरीत त्यांनी भिंती हुंगल्या. तिसऱ्या फेरीला वडखळला वडे खाऊन दोघं रामवाडीत आले, आणि स्कूटर दारात थांबताच नेहमीसारखा सगळ्यांचा खोकला थांबला. मागच्या पडवीतली ताडपत्री सारून शेजारपाजारच्या बाया "आले गो, आले" करत बघायला पुढं आल्या. सगळ्यांनी नाकातोंडाला पदर बांधला होता.

"बघ पुंडलिक, विषाची कल्पना या माउल्यांनाही आलीय. याला म्हणतात सुरक्षिततेची जाणीव!"

"पण भावजी, या मागं करतायत काय?"

"बायकांची कामं. त्यात तपासण्यासारखं काय असतं?" हैबतराव मिस्त्रीकडे वळले. "कान्हू, या पत्र्यात ॲसबेस्टॉस आहे. त्याचीच धूळ तुम्हाला बाधली."

"पत्र्याला आमी अजून हातच लावला नाय," कान्हू मिस्त्री म्हणाला. "निस्ती शिडी लावली नि ठसका बसला."

"म्हणजे हात लावण्याआधीच हल्ला! फार सराईत धूळ आहे."

मग त्यांनी खिडकीचा हिरवा रंग नखानं खरवडला. "शिसं! जुन्या ऑइलपेंटात शिसं असतं."

"खिडकी औंदा शिमग्याला नवी बसवलीय, भावजी," हौसा म्हणाली.

"मग नव्या खिडकीला जुना रंग दिला असेल."

पुंडलिकनं कपाळाला हात लावला. हैबतराव मात्र रंगात आले होते. "मी आलो की खोकला थांबतो, गेलो की सुरू होतो. धूळ मला घाबरणार नाही, माणूस घाबरेल. कान्हू, खरं सांग, दुसरीकडे काम मिळालंय ना? म्हणून ही खोकल्याची सोंगं!"

"सोंगं? खोकला काय भाड्यानं आनलाय?" कान्हूनं थापी आपटली. "चला रे, सामान बांधा!"

हौसा मटकन उंबऱ्यावर बसली. "मिस्त्री गेला, पाऊस तोंडावर हाय, पोर तिकडंच ऱ्हाईल. भावजी, काय तो एकदाचा निकाल द्या वो."

तिचे डोळे भरलेले पाहून पुंडलिकला मेहुण्यांचा असा राग आला, की स्कूटर घेऊन एकट्यानंच निघून जावं. हैबतरावांनी गंभीरपणे फोन लावला. "विहीणबाई, मन घट्ट करा..."

इतक्यात मागून धप् धप् आवाज सुरू झाला. वाऱ्याची झुळूक आली. कान्हू खोकला, गडी खोकले, पुंडलिक शिंकला, आणि हैबतरावांच्या त्या सुप्रसिद्ध नाकानं असा बार काढला की फोनमधून विहीणबाईच "अगो बाई!" ओरडल्या.

ताडपत्री सरकली. हातात मुसळ घेऊन पुंडलिकची थोरली बहीण, म्हणजे हैबतरावांची बायको शांती उभी होती.

"सरूच्या बाळाला दुपटी घेऊन एस्टीनं आले," ती म्हणाली, "मागच्या दारानं शिरले, तर उखळात मिरी तशीच नि सगळ्या बाया पुढं तमाशा बघतायत. म्हटलं, आपणच दोन हात मारावेत. तुम्हाला काय झालं खोकायला?"

"मिरी?" पुंडलिक म्हणाला.

"पापडाची. दुसरी कसली?" हौसानं डोळे पुसले. "सरूला लाट्यांचे डोहाळे लागलेत. आल्या आल्या उडदाची लाटी तेलात बुडवून खाईन म्हनली. आमी कांडायला बसलो की भावजींची स्कूटर यायची, नि या भवान्या उठून पळायच्या. आमाला नाय ठसका लागत, पदर बांधतो ना."

वैशाखात पेणला घरोघरी पापड. त्या मिरीचा संशय घ्यायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. कान्हू तर पोट धरून हसला.

"मंग पत्रे निर्धोक म्हनायचे!"

"नाही," हैबतराव म्हणाले. त्यांनी हेल्मेट काढलं होतं आणि आवाजही उतरला होता. "ॲसबेस्टॉस खराच वाईट. पत्रा फुटला की धूळ छातीत जाते आणि तिथंच राहते. पाणी मारून ओले करा, बोल्ट खोला, अख्खे उतरवा. तोंडाला मास्क बांधा आणि खाली झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा."

"हे आधी सांगायचं ना!" पुंडलिक म्हणाला.

"आधी गुन्हेगार सापडायला हवा होता."

"बरं, पन वर एका पत्र्याचा कोपरा तुटलाय," कान्हू म्हणाला. "आमी नाय तोडला."

हैबतरावांचा हात हळूच खिशाकडे गेला. पुंडलिकनं आभाळाकडे बघितलं.

"पुरावा म्हणून... पहिल्या फेरीत... हातोडीनं," हैबतराव पुटपुटले.

"त्याच्याखाली कुठली खोली गो, हौसे?" शांतीनं विचारलं.

"सरूची. बाळंतिणीची."

हैबतरावांनी खिशातला पत्र्याचा तुकडा काढून ओल्या फडक्यात गुंडाळला.

पत्रे ओले होऊन अख्खे खाली आले. नवं छप्पर चढलं. पण त्या खोलीत हैबतरावांनी कुणाला पाऊल टाकू दिलं नाही. मास्क लावून, धोतराचा काचा मारून, जन्मात कधी पोतेरं न धरलेला तो माणूस गुडघ्यांवर बसून कानाकोपरा पुसत होता. वाळला की पुन्हा पुसत होता. मग त्यांनीच विहीणबाईंना फोन केला. "घर बरं आहे. पाठवा."

सरू आली. पोट सावरत खोलीत बसली, तेलात बुडवलेली लाटी तिनं आधी काकांच्या हातावर ठेवली, आणि इकडंतिकडं बघून म्हणाली, "काका, खोली काय लख्ख झालीय! कुनी पुसली?"

पुंडलिक सावरून बसला. आता नाकापासून सुरुवात होणार.

मिरीनं हैबतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी लाटी गिळली.

"आरोपीनं," ते म्हणाले.