तांत्रिक शंका जेवणानंतर

कोणत्याही कुटुंबाची खरी कसोटी रविवारी लागते. बाकीचे सहा दिवस कोणतेही कुटुंब टिकते, कारण त्या दिवसांत कोणी कोणाला फारसे भेटतच नाही. सातव्या दिवशी मात्र मुले सकाळी साडेसहालाच उठतात (इतर दिवशी त्यांना उठवायला दोन माणसे आणि एक ओला टॉवेल लागतो) आणि विचारतात, "आज कुठं जायचं?" या प्रश्नाचे बिनखर्ची उत्तर ज्याच्याजवळ आहे, त्यालाच शास्त्रशुद्ध अर्थाने पालक म्हणता येईल.

मी, श्रीधर, नागपुरातल्या एका निमसरकारी कार्यालयात आवक-जावक विभागात आहे. पत्नी मिनल, मुलगी वेदिका, वय पंधरा, आणि मुलगा रजत, वय आठ. वेदिकेला नकाशांचा नाद आहे. तिच्या वयाची मुले मोबाइलवर जे काय पाहतात ते ती पाहत नाही. ती उपग्रहाने काढलेले जमिनीचे फोटो पाहते आणि कोणता नाला पूर्वी कुठून वाहायचा हे आपण घास तोंडात घालत असताना सांगते. तिच्या बॅगेत गवंड्यांकडे असते तशी पारदर्शक नळी असते. नळीत पाणी भरायचे, दोन टोके दोन ठिकाणी धरायची, की कोणती जागा किती खोल आहे ते कळते. रजतला असला नाद नाही. त्याला फक्त खरे बोलायची सवय आहे, आणि ती वयाप्रमाणे जाईल असे त्याच्या वर्गशिक्षिका सांगतात.

अशा मुलांना फुकटात कुठे न्यावे, याचा आम्ही रीतसर अभ्यास केला. फुटाळा तलाव पाहायला पैसे पडत नाहीत. पण तलावापासून भुट्ट्याची गाडी अकरा पावलांवर आहे आणि रजतला भूक लागायला नऊ पावले पुरतात. झिरो माईलचा खांब पाहायला माणसाला चार मिनिटे लागतात. वेदिकेला अडीच तास लागले, कारण तिला शून्य नेमके कोणत्या कोपऱ्यापासून धरायचे ते ठरवायचे होते (मिनल तेव्हापासून त्या रस्त्याने जात नाही). सीताबर्डीचा किल्ला वर्षातून मोजकेच दिवस उघडतो, आणि मुले वर्षभर असतात. मेट्रो स्वस्त आणि गार आहे, पण शेवटचे स्टेशन आल्यावर रजतने भर डब्यात विचारले, "आता काय?" आम्ही त्याच गाडीने परत आलो.

अशा निराशेच्या काळात एका सकाळी वर्तमानपत्रातून एक गुळगुळीत कागद खाली पडला. त्यावर लिहिले होते: "मोफत साईट व्हिजिट! एसी बस, नाश्ता, जेवण. सहकुटुंब या!" आजच्या जगात कोणी अनोळखी माणसाला सहकुटुंब बोलावतो, हे वाचून माझा ऊर भरून आला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नागपूरच्या चहूबाजूंची जमीन सध्या प्लॉट पाडून विकली जात आहे. कंपन्या रविवारी गिऱ्हाइकांना बसमध्ये बसवतात, तर्री-पोहे खाऊ घालतात, उन्हात एक माळ दाखवतात आणि मग मांडवात जेवू घालतात. माळ पाहताना मन विशाल होते. मुलांना मोकळी हवा मिळते. प्लॉट घ्यायलाच पाहिजे असा कोणताही कायदा नाही.

साडेतीन वर्षांत आम्ही एक्केचाळीस साईट पाहिल्या. मुलांना उमरेड, सावनेर, कन्हान तोंडपाठ झाले. घेतलेले प्लॉट: शून्य. ग्रहण केलेले गुलाबजाम: तीनशेच्या वर (रजतचे वेगळे धरलेले नाहीत). या काळात आमची एक आचारसंहिताही तयार झाली. एक, पोचल्याबरोबर चिमूटभर माती उचलून तिचा वास घ्यायचा आणि "हं" म्हणायचे. दोन, "डीपी रोड कोणत्या बाजूनं येणार?" असे विचारायचे; उत्तर ऐकायची गरज नसते. तीन, टोकनची, म्हणजे प्लॉट अडवायच्या आगाऊ रकमेची, गोष्ट निघाली की "घरी विचारून सांगतो" म्हणायचे, मग सगळे घर बाजूला उभे असले तरी चालते. आणि चार, तांत्रिक शंका जेवणानंतर. हे शेवटचे कलम खास वेदिकेसाठी होते. सावनेर रोडवर एकदा तिने नाश्त्याच्या वेळीच तोंड उघडले होते आणि त्या दिवशी आम्हाला पोहे एकेकच प्लेट मिळाले.

गेल्या एप्रिलमधली साईट उमरेड रोडला होती. कंपनीचे नाव सांगत नाही (पुढच्या रविवारी पुन्हा जायचे आहे). कंपनीचा माणूस सुशील. टाय बांधलेला, गोड बोलणारा, गिऱ्हाइकाच्या आजीचेही नाव लक्षात ठेवणारा. बसमध्ये आमच्या पुढच्या सीटवर नत्थूजी आणि रंभाबाई हे म्हातारे जोडपे होते. नत्थूजी कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेले; सारी उमर खाणीच्या क्वार्टरमध्ये गेली. त्यांनी मांडीवरची कापडी पिशवी दोन्ही हातांनी धरली होती.

"आपल्या नावाची जागा पायजे, बस," ते मला म्हणाले. "चाळीस वर्सं जमिनीच्या खाली राह्यलो साहेब, आता जमिनीवर राहू म्हणतो."

"आजच पैसे भरून टाकतो म्हणतेत," रंभाबाई म्हणाल्या. "रातभर झोपले नाही."

साईट उत्तम होती. रस्त्यापासून आत गेले की लांबरुंद सपाट मैदान, प्रत्येक प्लॉटला चुन्याची आखणी, मध्ये "क्लब हाऊस (प्रस्तावित)" अशी पाटी. काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा. कडेला बेशरम नावाची रानझुडपे हिरवीगार. मी आचारसंहितेप्रमाणे मातीचा वास घेतला आणि "हं" म्हणालो. तेवढ्यात वेदिकेने नळी बाहेर काढली.

एक टोक रजतने रस्त्यावर धरले, दुसरे तिने चुन्याच्या आखणीत. मग ती मोबाइल घेऊन माझ्याजवळ आली. तिचा चेहरा उतरला होता.

"बाबा, ही जागा रस्त्यापेक्षा साडेचार फूट खाली आहे. आणि हे पाहा, मागच्या दहा वर्षांचे ऑगस्ट. आठ वर्षं इथं पाणी उभं आहे. हा जुना तलाव आहे, बाबा."

"जेवणानंतर," मी म्हणालो.

"पण पैसे जेवणाच्या आधी घेऊन राहिले ना ते!"

हे खरे होते. तिथली व्यवस्था मोठी विचारपूर्वक केलेली होती. टोकनचे टेबल मांडवाच्या तोंडाशी आणि मांडवाला दुसरे दार नाही. आतून वांग्याच्या भाजीचा आणि पाटवडीच्या रश्श्याचा वास बाहेर येत होता. टेबलासमोर रांग होती. नत्थूजी तिसरे होते आणि पिशवीची गाठ सोडत होते.

मी वेदिकेला "थांब" म्हणायच्या आत ती त्यांच्यापाशी पोचली. पंधरा वर्षांच्या मुलीला जेवढे हळू बोलता येते तेवढे हळू बोलली, म्हणजे रांगेतल्या सगळ्यांना ऐकू गेले. नत्थूजींनी मोबाइलवरचे निळे डाग निरखून पाहिले. मग गाठ सोडता सोडता थांबले आणि माझ्याकडे वळले.

"काहून साहेब, पोट्टी म्हणते ते खरं हाये का? तुमी ऑफिसातले मानूस. तुमी सांगा."

सगळी रांग माझ्याकडे पाहू लागली. सुशीलही पाहू लागला. हसत होता, पण एक हात त्याने मांडवाचे दार अडवायच्या दोरीवर ठेवला होता. अशा वेळी माणसाचे शिक्षण, संस्कार आणि एकवीस वर्षांची नोकरी कामी येते. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "सदर बाब तपासून पाहण्यासारखी आहे. तथापि, लगेच निष्कर्षाप्रत येणे योग्य होणार नाही."

वेदिकेने माझ्याकडे पाहिले. मला लाज वाटली, ही गोष्ट इथे नमूद करून ठेवतो. भूकही लागली होती, तीही नमूद करतो.

नत्थूजींना माझी भाषा कळली नसावी. त्यांनी सोपा प्रश्न विचारला. "ते जाऊ द्या. तुमी सवता घेऊन राह्यले का इथं?"

"आमचं विचाराधीन आहे."

"कधीपासून?"

"मी केजीत होतो तेव्हापासून," रजत म्हणाला. "आम्ही कधीच घेत नाही. आम्ही गुलाबजामसाठी येतो."

नत्थूजींनी पिशवीची गाठ पुन्हा बांधली, दातांनी आवळली आणि रंभाबाईंकडे दिली. "धर वं. पोट्टं खरं बोलून राह्यलं." मग ते रांग सोडून सरळ मांडवात शिरले. कोणी त्यांना अडवले नाही, कारण पंचाहत्तरीच्या माणसाला पत्रावळीपासून अडवणे विदर्भात अजून सुरू झालेले नाही. रांगेतले आणखी चार-पाच जण त्यांच्यामागे गेले, आणि त्यांच्यामागे आम्ही.

आता सुशील आपल्याला हाकलून देणार असे मी धरून चाललो होतो. पण तो पिढीजात धंदेवाला निघाला. जेवण अर्धे झाल्यावर तो कॅमेरावाल्याला घेऊन आला. "साहेब, तुम्ही आपले परमनंट मेंबर. एक फॅमिली फोटो हो जाये!" आम्ही चौघेही नेमके तेव्हा हसलो. फोटो निघाला. मला एक वाटी गुलाबजाम जास्त मिळाले आणि मी ते सन्मान म्हणून स्वीकारले.

जूनमध्ये आमच्या चौकात तो फोटो लागला. वीस फूट बाय दहा फूट. खाली लिहिले होते: "आम्हाला आमची जागा मिळाली. तुम्हाला?" माझे कपाळ एकट्याचेच चार फुटांचे होते.

वेदिकेने तो पाहिला त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरते बोलते. "काढायला लावा, बाबा," एवढेच ती रोज म्हणते. मी तसा अर्ज लिहिलेला आहे. तो पाठवला, तर रविवारचा प्रश्न पुन्हा उभा राहील, म्हणून तो सध्या माझ्याच टेबलावर आहे. आवक-जावक विभागात असल्यामुळे तो जावकमध्ये न जाऊ देणे मला विशेष अवघड गेलेले नाही.

मागच्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या कुसुमताई पेढे घेऊन वर आल्या. "तुमी घेतला म्हणून आमीबी घेतला," त्या म्हणाल्या. "किती नंबरचा तुमचा? शेजारीच राहू ना, इथल्यासारखं."

मी घसा साफ करत होतो तेवढ्यात वेदिका आतून मोबाइल घेऊन आली आणि तिने त्यांना आठही ऑगस्ट दाखवले. कुसुमताईंनी ते पाहिले आणि हसल्या. "काय वं, मले शिकवते? बोर्डावर तं तूबी हसून राह्यली!"

वेदिकेने मोबाइल खाली केला, कारण ती हसत होती हे खरेच होते. मीच मग सगळे सांगितले. हे मी आयुष्यात पहिल्यांदा जेवणाआधी बोललो. कुसुमताईंनी पेढ्यांचा डबा उचलला, खाली नेला आणि त्यांच्या दाराची कडी मोठ्याने लागली. टोकन परत मिळते का, हे विचारायला त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच कंपनीच्या ऑफिसात गेल्या. ती बाब तिथे विचाराधीन आहे.

म्हणून वेदिकेच्या सांगण्यावरून हे लेखी देत आहे. तो बोर्ड तुम्ही पाहिला असेलच; सिग्नलला थांबल्यावर दुसरे काही दिसतच नाही. त्या फोटोत रजत हसतो आहे तो सहाव्या गुलाबजामामुळे. मिनल हसते आहे ती मला. वेदिका हसते आहे, कारण समोरच्या पंगतीत नत्थूजी पिशवी मांडीखाली दाबून तिसऱ्यांदा भात मागत होते. आणि मी हसतो आहे, कारण कॅमेरावाल्याने सांगितले. प्लॉटकडे आमच्यापैकी कोणीही पाहत नव्हते.

तुम्हीही पाहिला नसेल. आमची तोंडे पाहिली आणि टोकन दिले, असे आतापर्यंत सदतीस जणांनी मला रस्त्यात थांबवून अभिमानाने सांगितले आहे. नकाशा त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये होता, आणि तो पाहायलाही पैसे पडत नाहीत.

तुम्ही अडतिसावे असाल, तर एक विनंती आहे. ऑगस्टमधल्या एखाद्या रविवारी तुमची जागा पाहून या. मुलांनाही न्या. शहराजवळ, निवांत, आणि अगदी फुकट. फक्त त्यांना पोहता येते की नाही, ते निघण्याआधी विचारून घ्या.