बारा वाजेपर्यंतची मयत

"दया, उपवासकाळात बाराच्या आत तोंडातून शब्द काढायचा न्हाई. अन् लिहिलेला बी शब्दच असतो," असं सासूबाई, म्हणजे आक्काबाई, बजावून गेल्या होत्या. त्या देवाघरी जाऊन वर्षं लोटली, पण ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत दयाबाईंनी तो नेम कधी मोडला नाही. दूधवाल्याशी बोटांनी, मांजराशी डोळ्यांनी आणि देवाशी मनातल्या मनात. मौनानं आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही, असं त्या बारानंतर ठासून सांगत.

केडगावच्या त्यांच्या दोन खोल्यांत भाचा जॉय राहायचा. आईमागे त्यांनीच वाढवलेला. दिवसा तो नागापूरच्या एका कारखान्यात लेथवर असायचा आणि संध्याकाळी तिथल्याच रिकाम्या शेडमध्ये तुषार-चेतन या दोस्तांबरोबर गाणं बसवायचा. त्या गाण्याच्या प्रकाराचं नाव पोस्ट-हार्डकोर. दयाबाईंना त्यातलं 'पोस्ट' तेवढं कळलं होतं, आणि सरकारी दिसतंय म्हणून त्या खूशही होत्या. शनिवारी मालक गाणं ऐकणार होते. आवडलं तर शेड पोरांची, नाहीतर तिथे पत्रे रचायचे होते.

"मावशी, यात कायतरी कमी पडतंय. ऐक आणि खरं सांग," म्हणत जॉय सकाळी कॅसेट ठेवून कामावर गेला.

दयाबाईंनी टेप लावला. आवाजाचं बटण कुठलं ते ठाऊक नव्हतं, म्हणून सगळीच उजवीकडे फिरवली. आधी गिटार, इतकी गोड की पाळणा हलवावा. मग जॉय असा ओरडला, जणू उकळत्या तेलात पाय पडला. लगेच ढोलकी. ढोलकीवर ख्रिस्ती देवळातल्या गायकवर्गासारखे तीन गळे एकात एक. की परत उकळतं तेल! रश्श्यात श्रीखंड सांडावं आणि तरी वाटी संपू नये असं वाटावं, तसं दयाबाईंना झालं. निवडायचे तांदूळ मांडीवरच राहिले.

शेजारच्या केशरबाईंना भिंतीपलीकडून फक्त तेल ऐकू आलं. त्या धावत आल्या. माणूस आलं म्हणून दयाबाईंनी टेप बंद केला, आणि किंकाळी मध्येच तुटली.

केशरबाई उंबऱ्यातच थबकल्या. दयाबाईंनी घाईघाईनं दोन्ही हात जुळवून घड्याळाच्या काट्यांसारखे सरळ वर धरले. बारा वाजता सांगते.

केशरबाईंनी वर पाहिलं. "जॉय गेला?"

कामावर गेलाय, म्हणून दयाबाईंनी मान डोलावली.

मग केशरबाईंनी जो हंबरडा फोडला, त्यानं रस्त्यापलीकडचं पंक्चरचं दुकान थांबलं. बायका जमल्या. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, पण ते उघडायची कुणाची छाती होईना. दयाबाई नाही-नाही अशी मान हलवू लागल्या, तर धक्का बसलाय म्हणून चौघींनी त्यांना अंगणात आणून आडवं केलं. बोलत नाहीत म्हणजे दातखीळ, असं ठरलं आणि चमचा आला. दयाबाईंनी दात आवळले, केशरबाईंनी चमचा. चर्चच्या मंडळीचे वडील, म्हणजे पंच, शमुवेल शवपेटीसाठी पोराची उंची विचारत फिरू लागले. भीमा टेम्पोवाला नागापूरला निघालाच होता. दयाबाईंच्या घरी मयत झाली, एवढा निरोप त्यानं नेला. कुणाची, ते विचारलं नाही. कारखान्याच्या फाटकावर निरोप घ्यायला आला तो जॉयच.

जॉय पोचला तेव्हा बारा वाजत आले होते. अंगणात गर्दी आणि गर्दीत आडवी मावशी पाहून तो ओरडला. तेच उकळतं तेल, पण या खेपेला अस्सल. ज्याची मयत तोच बोंबलतोय म्हटल्यावर निम्मं अंगण रिकामं झालं. शमुवेल वडील सगळ्यांच्या पुढे होते.

तेवढ्यात देवळाची घंटा झाली. दयाबाई उठून बसल्या, पदर सावरला आणि तोंडातला चमचा केशरबाईंच्या हातात दिला.

"जॉय, गाणं छान आहे रे. आपल्या कीर्तनात नाही का, एका दमात रडवतात आणि दुसऱ्या दमात टाळ्या पिटायला लावतात, तसं. पण तुझं ओरडणं फार एकटं वाटतं. त्याच्यामागे कुणीतरी रडायला पाहिजे."

सगळ्या नजरा केशरबाईंकडे वळल्या.

जित्या माणसापायी एवढे डोळे गाळायला लावले म्हणून त्या आधी फणकारल्या. मग जॉयनं शेडचं आणि पत्र्यांचं सांगितलं, वर असा गळा अख्ख्या जिल्ह्यात नाही असंही सांगितलं. केशरबाई विरघळल्या. "येईन की रं. पन म्होरं मयत असल्याबिगर मला रडूच फुटत न्हाई, त्याचं काय?"

"ते माझ्याकडे लागलं," दयाबाई हळूच म्हणाल्या. "शब्द देते."

शनिवारी दुपारची प्रार्थना आटोपून त्यांनी पांढरी चादर घडी करून काखेत मारली. नाकासाठी कापसाचे दोन बोळे घेतले. कानांसाठी घेतले नाहीत, कारण गाणं नीट ऐकायचं होतं. आणि कुणाला काही न बोलता त्या भीमाच्या टेम्पोत मागे जाऊन बसल्या.