एक मिनिट म्हणजे अर्धा तास

सकाळी सहा चाळीसला दुधाच्या बाटल्या उकळत्या पाण्यातून निघत, सहा पन्नासला लेकीचे कपडे पिशवीत जात आणि सात दहाला हजेरी लिपिक तिला कडेवर घेऊन जिना उतरे. पाठोपाठ बायको, केस बांधत. तिची प्रयोगशाळेतली नोकरी टिकायची तर पाळणाघर हवे. आणि पाळणाघराची फी भरली की तिच्या पगारातले उरत जेमतेम चारशे. एवढ्यासाठी दिवसभर लोकांचे रक्त तपासत बसायचे का, असे ती एकदाच म्हणाली होती.

लिपिकाने त्यावर तोड काढली. पाळणाघर चालवणाऱ्या निवृत्त नर्सबाईंना त्याने सुचवले, की फी थोडी कमी करा आणि संध्याकाळी मूल न्यायला उशिरा येणाऱ्याला दंड लावा. कारखान्याचा नियमच त्याने सुवाच्य अक्षरात लिहून दिला: सहानंतर एक मिनिट झाले, की अर्धा तास धरावा.

"अख्ख्या कारखान्याचा उशीर मी मोजतो, बाई. मला कसला उशीर होतोय!"

बाईंनी कागद भिंतीवर चिकटवला.

पण शेवटचा कामगार बाहेर पडेपर्यंत आपल्याला फाटक सोडता येत नाही, हे लिपिक नियम लिहिताना विसरला होता. कुणाचा डबा राही, कुणाची छत्री. एक म्हातारा फिटर तर बुटाची नाडी अशी बांधी, की जणू नाडी सुटली तर कारखाना वाहून जाईल. मग लिपिक कुत्रे मागे लागल्यासारखा धावत सुटे. सहा वाजून दोन. सहा वाजून चार. एकदा तर शेवटच्या पायरीवर असतानाच मिनिट उलटले.

महिना संपत आला तशी बाईंनी वही पुढे केली. दंड सवलतीच्या चौपट झाला होता; चारशे तर गेलेच, वर पदरचे घालावे लागणार होते.

"नियम तुमचाच, भाऊ. मी नुसती नोंद ठेवते."

घरी बायकोने आकडा दोनदा वाचला. "म्हणजे मी कमावते ते तुझ्या उशिरासाठी," ती म्हणाली आणि राजीनामा लिहायला कोरा कागद घेऊन बसली.

सकाळी लिपिक मान खाली घालून बाईंकडे गेला. जुनी फी लावा, पण तो कागद काढा, अशी विनवणी केली. बाई कबूल झाल्या. मात्र पुढच्या महिन्यापासून. उरलेले चार दिवस त्याच्याच अक्षराप्रमाणे! बायकोने ऐकले आणि त्या कोऱ्या कागदावर लेकीच्या दुधाच्या वेळा लिहून काढल्या.

त्याच दिवशी पॅकिंग खात्यातली एक कामगार चार मिनिटे उशिरा, धापा टाकत फाटकाशी आली. तिच्या पगारातला अर्धा तास तो तीन वर्षे कापत आला होता. लाल पेन्सिल त्याच्या हातात होतीच.

"आमचं पाळणाघर पावणेआठला उघडतं, साहेब. फाटक आठला लागतं. मधला रस्ता मी कुठे ठेवू?"

लिपिकाने फाटकावरच्या घड्याळाकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी, कुणी यायच्या आत, तो स्टुलावर चढला आणि फाटकावरच्या घड्याळाचे काटे पाच मिनिटे मागे सारले. त्या दिवशी कुणालाच उशीर झाला नाही. मॅनेजरने शिस्तीबद्दल त्याची पाठ थोपटली.

संध्याकाळी फिटर नाडी बांधायला वाकला, तेव्हा लिपिकाच्या ध्यानात आले, की कारखाना सुटतोही याच घड्याळावर. तो पाळणाघरात पोचला सहा वाजून सात मिनिटांनी. बाईंनी वही उघडली. अर्धा तास. त्याने सही केली.

पुढच्या सकाळी तो पुन्हा स्टुलावर चढला. काचेवरची धूळ पुसली, मागे सारलेल्या काट्यांना हात न लावता खाली उतरला आणि फाटक उघडले.