राजीनाम्याचं बटण

ऑफिसात त्याला सगळे शंकासुर म्हणत. सॉफ्टवेअर ग्राहकाच्या हाती पडण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या आणि प्रत्येक चुकीची नोंद करायची, हे त्याचं काम. या कामाचा पगार मिळतो, कौतुक मिळत नाही. चूक करणारा प्रोग्रामर हुशार ठरतो आणि ती दाखवणारा आडमुठा, हे त्याला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं होतं.

सध्या कंपनीने रजा, हजेरी आणि राजीनामे सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवलं होतं आणि ग्राहकाला देण्याआधी स्वतःच वापरायला घेतलं होतं. त्यात रजेच्या बटणाला अगदी खेटून राजीनाम्याचं बटण होतं. ते दाबलं की सॉफ्टवेअर काही न विचारता राजीनामा मंजूर करून मोकळं व्हायचं. अशा चुकीला तिथे बग म्हणत. शंकासुराने तो नोंदवला. 'माझ्याकडे होत नाही' असा शेरा मारून प्रोग्रामरने तो परत पाठवला. शंकासुराने पुन्हा उघडला. तो पुन्हा परत आला. असं बरेच दिवस चाललं, तेव्हा साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"एवढा एकच बग राहिलाय," साहेब करवादले. "त्याच्यापायी सगळं अडलंय. मिटवा एकदाचं."

"टेस्ट सर्व्हरवर दाखवतो, साहेब," शंकासुर म्हणाला.

"तो दुरुस्तीला काढलाय," प्रोग्रामर म्हणाला. "लाइव्हवरच, खऱ्या सिस्टिमवर दाखव ना. तुझ्याच नावाने. का, खात्री नाही?"

शंकासुर इरेला पेटला. त्याने तिथल्या तिथे स्वतःच्या नावाने बटण दाबलं. स्क्रीनवर अक्षरं उमटली: 'आपला राजीनामा मंजूर झाला आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.'

"बघा! म्हटलं नव्हतं?" तो हर्षाने ओरडला. साहेबांसमोर तो खरा ठरण्याची ही पहिलीच वेळ होती. नोकरीतली ती शेवटचीही ठरली.

तो धावत एचआरमध्ये गेला. "मंजूर झालाय हो तुमचा," तिथल्या बाई म्हणाल्या.

"अहो बाई, मी ते बटण टेस्टिंगसाठी दाबलं!"

"ते खरं असेल. पण कारणांमध्ये टेस्टिंग बसत नाही. मी 'वैयक्तिक कारण' टाकलंय."

"मग रद्द करा ना!"

"रद्द करायची सोयच नाही त्यात. सिस्टिमपुढे मी काय करणार?"

जेवणाच्या सुट्टीनंतर दाराने त्याचं कार्ड ओळखायचं नाकारलं. साहेबांनी पाठीवर हात ठेवला. "मी बोलतो वर. तू सध्या घरी जा, आराम कर." तो घरी गेला. फोन सतत उशाशी घेऊन बसला. साहेब वर काही बोलले नाहीत.

"बग खरा निघाला ना?" बायकोने विचारलं.

"निघाला."

"मग ज्याने केला तो ऑफिसात, आणि तू घरी कसा?"

त्याने फोनचा आवाज वाढवून ठेवला.

आणि एक दिवस साहेबांचा फोन आलाच. आवाज मधाळ. "अरे, येऊन जा की जरा. आपलाच माणूस तू." शंकासुराने इस्त्रीचा शर्ट घातला. परत घेणार, दुसरं काय असणार!

दारात पहारेकऱ्याने त्याच्या गळ्यात 'पाहुणा' लिहिलेला बिल्ला अडकवला. आत गेल्यावर खरी गोम कळली. जो बग उघडतो, त्यालाच तो बंद करता येतो, असा कंपनीचा नियम होता. बग नोंदवायचं सॉफ्टवेअर वेगळं, आणि त्यातलं शंकासुराचं खातं काढायला सगळे विसरले होते. त्याच्या एका बगावर माल अडून बसला होता.

"आता ते बटण 'नक्की राजीनामा द्यायचा का?' असं विचारतं," प्रोग्रामर ऐटीत म्हणाला. "हो किंवा नाही."

"टेस्ट सर्व्हरवर आधी..."

"वेळ नाही!" साहेब खेकसले. "माझ्या नावाने बघ. 'नाही'च तर दाबायचंय."

शंकासुराने 'नाही' दाबलं. 'आपला राजीनामा मंजूर झाला आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.'

"माझ्याकडे असं होत नाही," प्रोग्रामर पुटपुटला.

एवढ्यात एचआरच्या बाई धावत आल्या. "साहेब, काळजी करू नका! मी वर फोन लावलाय, रद्द होतोय." टेबलावरचा चहा निवायच्या आत साहेब पुन्हा नोकरीत रुजू झाले.

"म्हणजे, रद्द होतो?" शंकासुराने विचारलं.

बाई खाली बघू लागल्या. "होतो तसा. वर कुणीतरी सांगावं लागतं."

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी कपाकडे पाहिलं. "तुझंही बघू रे. आधी तेवढा बग बंद कर."

इथल्या माणसांनी वर एक शब्द टाकला असता, तर तो कधीच परत आला असता आणि आनंदाने राबला असता. शंकासुर कॉम्प्युटरसमोर बसला. 'बंद करा' आणि 'पुन्हा उघडा' अशी दोन बटणं होती.

"कर रे बंद," प्रोग्रामर कानाशी म्हणाला. "पुढच्या खेपेला दुरुस्त करतो."

त्याने 'पुन्हा उघडा' दाबलं. खाली शेरा लिहिला: 'लाइव्हवर, साहेबांच्या नावाने सिद्ध.' मग उठून त्याने गळ्यातला बिल्ला काढला.

"अरे, निघालास कुठे? हा आता बंद कोण करणार?" साहेब ओरडले.

"ज्याने उघडला तो," शंकासुर म्हणाला. "पण त्याने तर राजीनामा दिलाय, साहेब. वैयक्तिक कारणाने."