मधल्या माणसाला आदरांजली

बायकोच्या पहिल्या स्मृतिदिनाला चौकात फ्लेक्स लावायचा नाही, असं अकोल्याच्या धर्मपालभाऊ तायड्यांनी ठरवलं आणि तिथूनच सगळी भानगड सुरू झाली. लावला असता फ्लेक्स तर काय बिघडलं असतं? दोन दिवस उन्हात तापला असता, मग कोण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स त्याच्यावर चढला असता, संपलं. पण धर्मपालभाऊंना नेमकं तेच नको होतं. साधनाबाई जन्मभर कोणाच्या ना कोणाच्या मागं राहिल्या. आता गेल्यावर तरी त्यांच्यावर दुसऱ्याचं थोबाड चढू नये, एवढीच त्यांची इच्छा. म्हणून त्यांनी ठरवलं, की आपण साधनाची वेबसाइट काढू. तेल्हाऱ्यापासून बडनेऱ्यापर्यंत विखुरलेले सगळे लोक आपापल्या मोबाइलवर तिला पाहतील आणि तिच्यासाठी हात जोडतील.

आता धर्मपालभाऊ म्हणजे सरकारी कार्यालयातून आवक-जावक लिपिक म्हणून रिटायर झालेले गृहस्थ. वेबसाइट या वस्तूशी त्यांचा संबंध वीजबिलापुरता. पण लेक रश्मी अमरावतीला दवाखान्यात सिस्टर आहे, तिचा कॉलेजातला कॉम्प्युटर घरी पडून होता. ती एकदा सांगून गेली होती, की बाबा, आता एआयला मराठीत सांगितलं तरी तो वेबसाइट बनवून देतो. भिंतीकडे पाहत बसण्यापेक्षा काहीतरी करत जा. (वर्षभर धर्मपालभाऊ खरोखर भिंतीकडेच पाहत होते. भिंतीवर साधनाबाईंचा फोटो होता, पण तो आधार कार्डावरून मोठा केलेला. आधारच्या फोटोत माणूस कसा दिसतो ते तुम्हाला माहीत आहे. साधनाबाई त्यात चपला चोरताना सापडल्यासारख्या दिसत.)

पहिल्या दिवशी त्यांनी एआयला लिहिलं, "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर, की माझ्या पत्नीच्या स्मृतीप्रीत्यर्थ वेबसाइट करावयाची आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती." वर विषय लिहायचा राहूनच गेला होता. पण त्या बिचाऱ्यानं सगळं समजून घेतलं, दुःखात सहभागी असल्याचं कळवलं आणि विचारलं, की थीम रिस्पॉन्सिव्ह ठेवू का? म्हणजे पडदा कॉम्प्युटरचा असो की मोबाइलचा, पान ज्याच्या त्याच्या मापानं आपोआप बसेल. धर्मपालभाऊंना हे फार आवडलं. साधनाबाईही तशाच होत्या. लग्न होऊन आल्या तेव्हा भरल्या घरात जेवढी जागा उरली तेवढीत बसल्या, पुढं दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं तर त्यात बसल्या, जागेची तक्रार कधी केली नाही. त्यांनी उत्तर दिलं, "ठेवावी."

मग काम सुरू झालं. थीमचा कोड एआय लिहायचा आणि धर्मपालभाऊ तो सांगितलेल्या जागी चिकटवायचे. शीर्षक निळं केलं की खालची अक्षरं गायब व्हायची, अक्षरं आणली की शीर्षक डावीकडं पळायचं. एकदा तर पानाच्या मधोमध "आत्ताच बुक करा, मर्यादित जागा" असं लाल बटण उगवलं. धर्मपालभाऊंनी जाब विचारला. "तुम्ही अगदी बरोबर पकडलंत, ही माझीच चूक आहे," एआय म्हणाला. धर्मपालभाऊंचा ऊर भरून आला. अख्ख्या नोकरीत 'माझी चूक' म्हणणारा कनिष्ठ त्यांना भेटला नव्हता. (वरिष्ठ तर सोडाच. आणि घरात ते स्वतःही कधी म्हणाले नव्हते, पण तो विषय वेगळा.)

तरी सावधगिरी म्हणून त्यांनी एका दुसऱ्या एआयला पहिल्याचं काम तपासायला दिलं. दुसऱ्यानं पहिल्याची तोंडभरून तारीफ केली आणि सगळं बदलून टाकलं. पहिल्याला ते दाखवलं तर तो म्हणाला, फारच छान झालं, आणि त्यानं ते परत होतं तसं केलं. ऑफिसात फाईल अशीच फिरायची, त्यामुळे धर्मपालभाऊंना यात काही वावगं वाटलं नाही.

राहिला फोटो. आधारचा त्यांना टाकायचा नव्हता. घरातले सगळे अल्बम उपसले. लग्नं, बारशी, बुद्धजयंती, सहली, सगळीकडे साधनाबाई होत्या, पण कुठं अर्ध्या, कुठं पाठमोऱ्या, कुठं नुसता हात आणि हातात ताट. शेवटी चिखलदऱ्याचा एक फोटो सापडला, रश्मीनं काढलेला. मागं दरी, मधोमध धर्मपालभाऊ कमरेवर हात ठेवून, आणि पार उजव्या टोकाला साधनाबाई. पण अख्ख्या, आणि तोंड कॅमेऱ्याकडे. कॉम्प्युटरच्या रुंद पडद्यावर दोघंही झकास दिसले.

एआयनं विचारलं, "मोबाइलवर एवढा रुंद फोटो मावणार नाही, बाजू कापाव्या लागतील. फोटोतली मुख्य व्यक्ती कोण, ते सांगाल का? तिला मध्ये ठेवतो."

मोबाइल, रुंदी वगैरे धर्मपालभाऊंनी वाचलंच नाही. मुख्य व्यक्ती कोण, एवढ्यावर त्यांची नजर गेली, आणि हा प्रश्न तर जुन्या ओळखीचा. रेशनकार्डापासून जनगणनेपर्यंत ज्यानं ज्यानं हा विचारला, त्याला त्यांनी एकच उत्तर दिलं होतं. बोटांनी सवयीनं तेच टाइप केलं, "कुटुंबप्रमुख धर्मपाल तायडे. मध्ये उभे आहेत."

"उत्तम निवड," एआय म्हणाला.

एकदा मोबाइलवर उघडून पाहिलं असतं तर इथंच निभावलं असतं. पण घरातला स्मार्टफोन साधनाबाईंचा होता, तो रश्मीनं आईची आठवण म्हणून नेला होता. धर्मपालभाऊंकडे बटणांचा फोन. त्यांनी कॉम्प्युटरवरच पान उघडलं. वर मोठ्या अक्षरांत "कालकथित साधना धर्मपाल तायडे यांना भावपूर्ण आदरांजली" आणि खाली फोटो. बराच वेळ पाहत बसले. मग रश्मीला पत्ता कळवला, आणि स्मृतिदिनाच्या सकाळी तिनं तो नुसताच, वर काही न लिहिता, नातेवाइकांच्या, शेजाऱ्यांच्या, ऑफिसच्या जुन्या लोकांच्या सगळ्या ग्रुपांवर पाठवून दिला. स्वतः मात्र उघडला नाही. ड्युटीवर आईचा चेहरा पाहिला तर आपल्याकडून पुढचं काम होणार नाही, अशी तिला धास्ती होती.

इकडं लोकांच्या मोबाइलवर काय दिसलं ते ऐका. एवढं लांब नाव लहान पडद्यावर एका ओळीत मावेना, म्हणून ते तुटलं. पहिली ओळ "कालकथित साधना". ती पानाच्या माथ्यावरच्या निळ्या पट्टीमागं गडप झाली. राहिलं काय, तर "धर्मपाल तायडे यांना भावपूर्ण आदरांजली". आणि खाली, दोन्ही बाजू नीट कापून, मधोमध, कमरेवर हात ठेवून, धर्मपालभाऊ एकटेच उभे.

पहिला फोन आला तो सूर्यभानचा. हा ऑफिसात त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायचा.

"हॅलो, रश्मी हाय काय?" आवाज रडवेला.

"नाई. थे अमरावतीले हाय."

"अजून पोचली नाई? मंग बॉडी कोनापाशी हाय?"

"कोनाची बॉडी?"

"धर्मपालची."

"मापाशीच हाय. काहून?"

"तुमी कोन बोलून राहिले?"

"धर्मपाल."

फोन कट. (सूर्यभान आधीपासूनच भित्रा. ऑडिट म्हटलं की त्याचं पोट बिघडायचं.) धर्मपालभाऊंना वाटलं, उन्हानं याचं डोकं फिरलं असेल. ते अंगणात झाडांना पाणी घालायला गेले आणि इकडं घरात फोन वाजत राहिला.

दुपार व्हायच्या आत तेल्हाऱ्याहून माणिकबाई आल्या, साधनाबाईंची मोठी बहीण. फाटकापासूनच त्यांनी हंबरडा फोडला. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि पिठल्याचा डबा, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही. दार उघडलं ते बनियनवरच्या धर्मपालभाऊंनी. माणिकबाईंचा हंबरडा मधेच थांबला.

"जवाईबुवा," त्या म्हणाल्या, "तुमी तं मेले व्हते ना?"

"मी कायले मरीन?"

"मोबाइलवर तं मेले." त्या मटकन ओट्यावर बसल्या. "आज साधनाचा दिवस, आन आजच तुमी गेले म्हनून तेल्हाऱ्यापासून रडत आली मी. कंडक्टरनं पानी पाजलं मले. अन तुमी बनियन घालून दार उघडता."

मग रांगच लागली. शेजारपाजारचे आले, बडनेऱ्याचे चुलतभाऊ आले, ऑफिसचे आले. सूर्यभानही आला आणि हात लावून खात्री करून मगच बसला. एकानं झेंडूचा हार आणला होता, तो कुठं ठेवावा हे त्याला कळेना. धर्मपालभाऊंना जिवंत पाहून प्रत्येकाला आनंद तर झालाच, पण थोडी पंचाईतही झाली. माणसानं कामधंदा सोडून यावं आणि मेलेल्यानं बसायला खुर्ची द्यावी, हे कोणालाही अवघडच. तरी कोणी परत गेलं नाही. प्रत्येकानं डबा आणलेला होता. अंगणात सतरंजी पडली, डबे उघडले, आणि वर्षभर खिचडीवर दिवस काढणारे धर्मपालभाऊ त्या दिवशी चार माणसांत बसून जेवले. जेवण स्वतःच्या मौतीचं होतं, पण पिठलं फार चांगलं झालं होतं.

जेवता जेवता माणिकबाईंनी नातेवाइकांचा ग्रुप उघडून आपला फोन त्यांच्या पुढ्यात धरला. "पाहा, किती लोकायनं हात जोडले तुमच्यासाठी."

धर्मपालभाऊंनी चष्मा नाकावर घेतला. जोडलेले हातच हात, खालपर्यंत. 'मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व हरपले', हे सूर्यभानचं. (तो सगळ्यांसाठी हेच लिहितो.) 'धर्मपालकाका कायम स्मरणात राहतील.' 'काकांसारखा माणूस होणे नाही.' माणिकबाईंनी पडदा वर सरकवला, आणखी हात आले. साधनाचं नाव कुठंच नव्हतं.

त्यांच्या हातातला घास तसाच राहिला.

"हे तिच्यासाठी व्हते, बाई," ते म्हणाले. "सगळ्यायनं एकदा तरी तिले पाहावं म्हनून केलतं मी. जलमभर फोटोत मी मंधात उभा राह्यलो. आज तिचा दिवस, तं आजबी मीच मंधात जाऊन उभा राह्यलो." आणि एवढा मोठा माणूस भरल्या अंगणात, उष्ट्या हातानं, हमसून हमसून रडला. साधनाबाई गेल्या त्या दिवशीही तो असा रडला नव्हता. तेव्हा लोकांना चहा-पाण्याचं विचारत फिरत होता.

माणिकबाईंनी त्यांच्या ताटात आणखी पिठलं वाढलं. "जेवा," त्या म्हणाल्या, "थंड होऊन राहिलं."

तेवढ्यात रश्मी आली. तिला दवाखान्यात बाबांच्या निधनाबद्दल सांत्वनाचे निरोप आले होते, घरचा फोन कोणी उचलत नव्हतं, आणि ती युनिफॉर्मवरच एसटीत बसली होती. बापाला ताटावर बसलेला पाहून तिनं आधी त्यांची बाही धरली, मग सोडली, मग पुन्हा धरली. काय झालं ते माणिकबाईंनी सांगितल्यावर तिनं सकाळपासून पहिल्यांदा ते पान आपल्या मोबाइलवर उघडलं.

"बाबा, आई कुठी हाय याच्यात?"

"हाय ना," धर्मपालभाऊ नाक पुसत म्हणाले. "नाव पट्टीच्या मांगं हाय, अन थे फोटोच्या बाहीर हाय."

बापलेक कॉम्प्युटरसमोर बसले. रश्मी टाइप करायला लागली, तर धर्मपालभाऊंनी कीबोर्ड आपल्याकडं ओढला. या वेळी उपरोक्त नाही, सविनय नाही. त्यांनी एकेक अक्षर शोधून लिहिलं, "मुख्य व्यक्ती चुकली. माझी चूक. मुख्य व्यक्ती साधना. उजव्या टोकाला उभी आहे. तिचं नाव पट्टीखाली दबलं आहे, ते वर काढावे."

"उत्तम निवड," एआय म्हणाला.

नवा कोड चिकटवला आणि रश्मीनं मोबाइलवर पान पुन्हा उघडलं. पडदाभर साधनाबाई. वाऱ्यानं उडालेला पदर, खांद्याला भलीमोठी पिशवी, डोळे उन्हानं बारीक केलेले. एवढ्या मोठ्या त्या कुठल्याच फोटोत कधी आल्या नव्हत्या. फोन अंगणात नेला, या हातातून त्या हातात फिरला. माणिकबाईंनी तो डोळ्यांशी धरला आणि खाली ठेवून हात जोडले. मग सगळ्यांनीच जोडले. झेंडूचा हारही मार्गी लागला. संध्याकाळी घरात बुद्धवंदना झाली तेव्हा अंगणातही उभं राहायला जागा नव्हती. यातले निम्मे लोक साधनाबाईंसाठी म्हणून आले नसते, हे धर्मपालभाऊंना कळत होतं. पण आले होते, आणि हात तिच्यासाठीच जोडून गेले.

सगळे पांगल्यावर ते पुन्हा रश्मीचा फोन घेऊन बसले. फोटोत साधनाबाईंचं तोंड जरा उघडं होतं. फोटो काढणाऱ्याला त्या काहीतरी सांगत असाव्यात. वर्षभरात तिचा एक शब्द कानावर पडला नव्हता. आपल्याबद्दलच काहीतरी असेल, असं धर्मपालभाऊंच्या मनानं घेतलं.

"रश्मी," ते म्हणाले, "तू फोटो काढून राहिली होती तवा थे तुले काय सांगून राहिली होती? आठवते काय?"

रश्मीनं फोटोकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले आणि त्यातच तिला हसू फुटलं.

"आठवते ना. म्हने, तुया बापाले सांग पोट आत घ्याले, अख्ख्या फोटोत तेच येऊन राहिलं."

धर्मपालभाऊंनी खुर्चीत बसल्या बसल्या पोट आत घेतलं.